जुनी युटिलिटी एटीव्ही घेताना: पाण्याचा फवारा पोहोचत नाही तिथे काय दिसते?

डोंगरउतार | ५ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही पेन्सिल्व्हेनियात चौदा एकर उताराची जमीन घेतली, त्यातली निम्म्याहून अधिक ओक आणि मेपलची झाडी आहे. पडलेली झाडे कापून सरपण घरापर्यंत ओढून आणणे, कुंपणाचे खांब वाहणे आणि हिवाळ्यात खडीच्या तीनशे मीटर रस्त्यावरचे बर्फ बाजूला सारणे अशी तीन मुख्य कामे आहेत. लहान ट्रॅक्टरही आमच्या झाडांच्या दाटीतून वळत नाही आणि नवी एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी चार जाड टायरांची उघडी गाडी) आत्ता खिशाला झेपणारी नाही, म्हणून जुनी पाहतो आहे.

आतापर्यंत दोन गाड्या पाहिल्या. पहिली २००९ ची, ५०० सीसीची, गेअरऐवजी रबरी बेल्टवर चालणारी. प्लास्टिकला काहीतरी चकचकीत द्रव्य चोळलेले होते, टायर काळेभोर होते आणि मी पोहोचलो तेव्हा इंजिन चांगलेच गरम होते. किंमत २,८०० डॉलर. दुसरी २०१२ ची होंडा फोरट्रॅक्स रँचर ४२०, चारचाकी ओढीची, हँडलवरच्या बटणाने गेअर बदलणारी. ती चिखलाने माखलेली होती, सीट फाटलेली होती, पुढच्या रॅकला गंज होता आणि मीटरवर ६१२ तास आणि २,३५० मैल दिसत होते. किंमत ३,४०० डॉलर. घरच्यांचे मत अर्थातच पहिलीकडे आहे. मला मात्र दुसऱ्या गाडीच्या म्हाताऱ्या मालकाने न विचारता दाखवलेली ऑइलच्या पावत्यांची पिशवी आठवते आहे. पुन्हा पाहायला जाताना नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

बारा नंबरचा पाना | ५ ऑक्टोबर

पहिल्या गाडीबद्दल 'इंजिन गरम होते' एवढे तीनच शब्द मला पुरेसे आहेत. विक्रेत्याला फोनवरच सांगावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर गप्पा सुरू होण्याआधी इंजिनावर हात ठेवून पाहावा. थंड इंजिनाला जे लपवता येत नाही ते पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेर येते. निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते आहे, आणि सुरुवातीची खडखड गरम झाल्यावर थांबत असेल तर विक्रेत्याने ती आधीच गरम का करून ठेवली होती हेही उमगते.

आता मुख्य गोष्ट. एटीव्ही मरते ती बहुतेक वेळा धुळीने. धूळ खात पडलेली गाडी परवडते, धूळ खाल्लेली गाडी परवडत नाही. मातीतली वाळू एअर फिल्टर चुकवून आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करते. गाडी दिसायला उत्तम राहते, चालतेही, पण ऑइल खाऊ लागते आणि वर्षभरात इंजिनाचे काम निघते. म्हणून सीट काढावी, एअरबॉक्सचे झाकण उघडावे आणि फिल्टर स्वतःच्या हाताने बाहेर काढावा. फिल्टरचा फोम तेलाने हलकासा चिकट लागायला हवा; कोरडा, चुरा होणारा किंवा एका बाजूने वाकून बसलेला असेल तर शंका घ्यावी. त्यानंतर फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पाहावी. तिच्या आतल्या बाजूने स्वच्छ पांढऱ्या कापडाने बोट फिरवावे. कापडावर रेतीची करकर लागली तर विक्रेत्याचे आभार मानून परत फिरावे, मग किंमत कितीही उतरली तरी.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने प्लास्टिक, टायर, इंजिनाचा बाहेरचा भाग हे सगळे दहा मिनिटांत नवे दिसते. त्या नळीत, डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गेअरच्या डब्याच्या) ऑइलात आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये मात्र फवारा पोहोचत नाही. उलट बेअरिंगच्या सीलवर जवळून मारलेला फवारा पाणी आत ढकलतो, त्यामुळे नेहमी लखलखीत धुतलेल्या गाडीची बेअरिंगे मला आधी तपासावीशी वाटतात. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण आमच्या वर्कशॉपमध्ये रोज आठवते.

चिखलाने माखलेली गाडी माखलेलीच पाहायला मिळते आहे, हे तुमचे नशीब समजा.

बेल्टवाला | ५ ऑक्टोबर

बेल्टच्या गाड्यांची बाजूही मांडतो, कारण माझी स्वतःची बेल्टचीच आहे आणि तिने मला दगा दिलेला नाही. बेल्टमुळे गेअर बदलण्याचा व्याप राहत नाही, उतारावर सावकाश चालवणे सोपे जाते आणि जंगलवाटेला ती अधिक आरामशीर असते. पण ओझे ओढताना लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) न लावण्याची सवय मालकाला असेल तर बेल्ट तापून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि निघताना गाडी आधी थरथरते, मग झटका देऊन उचलते. बघायला गेल्यावर पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून चढावर, लो रेंजमध्ये, अगदी हळू निघून पाहावे. जळलेल्या रबराचा वास आला किंवा धक्का बसला तर बेल्टचाच नव्हे, दोन्ही पुल्यांचाही खर्च धरावा. खोल पाण्यातून नेलेल्या गाडीत बेल्टच्या डब्यात पाणी शिरते. त्या डब्याला खाली पाणी काढण्याची सोय असते. ती उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

सरळ हिशेब | ६ ऑक्टोबर

कोणी मीटरकडे लक्ष दिले नाही असे वाटते. २,३५० मैल भागिले ६१२ तास म्हणजे तासाला चार मैलांहूनही कमी. ही गाडी फिरवलेली नाही, राबवलेली आहे. बर्फाचा नांगर, फवारणी, किंवा तासन्‌तास नुसते सुरू ठेवून केलेले कुंपणाचे काम, यांपैकी काहीतरी नक्की असणार. वाईट आहे असे नाही, पण मैल कमी म्हणून गाडी कमी झिजली असा अर्थ कुणी काढू नये. इंजिन तासांवर झिजते.

बारा नंबरचा पाना | ६ ऑक्टोबर

बरोबर मुद्दा आहे. नांगर लावलेल्या गाडीचा सगळा मार पुढच्या भागावर आणि रिव्हर्सवर बसतो, कारण बर्फ सारताना दर मिनिटाला पुढे-मागे करावे लागते. नांगराचा सांगाडा जिथे चेसिसला बोल्टने जोडलेला असतो तिथे रंग उडालेला आहे का, बोल्टची भोके लांबट झाली आहेत का आणि वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसते का, हे टॉर्च घेऊन पाहावे. मग पुढचा भाग जॅकवर उचलून प्रत्येक चाक वर-खाली आणि डावे-उजवे धरून हलवावे. वर-खाली हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त डावे-उजवे हलले तर बहुधा टाय-रॉडचे टोक. हे भाग महाग नसतात, पण घासाघीस करताना कामाला येतात.

बटणाच्या गेअरबद्दल एक सांगतो. त्या पद्धतीत गेअर बदलणारी मोटर बॅटरीवर अवलंबून असते, त्यामुळे गेअर अडखळले की लोक थेट गिअरबॉक्सला दोष देतात, प्रत्यक्षात बॅटरी थकलेली असते. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवे. मल्टिमीटर सोबत न्या.

कोरा कागद | ६ ऑक्टोबर

यंत्राबद्दल मला फारसे कळत नाही, पण कागदांबद्दल कळते, तेही पैसे घालवून. तीन वर्षांपूर्वी मी एकाकडून स्वस्तात एटीव्ही घेतली, 'टायटल (मालकीचा कागद) घरी कुठेतरी आहे, पोस्टाने पाठवतो' या शब्दावर. ते कधीच आले नाही. नंतर समजले की आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेले नव्हते. गाडी गेली, पैसे गेले.

पेन्सिल्व्हेनियात एटीव्हीचे टायटल आणि नोंदणी ही मोटारींच्या कार्यालयात न होता राज्याच्या निसर्गसंवर्धन खात्याकडे, म्हणजे डीसीएनआरकडे होते, आणि फक्त स्वतःच्या जमिनीवर चालवायची असेल तर मर्यादित नोंदणीचा पर्याय आहे. टायटलवर कर्ज देणाऱ्याचे नाव छापलेले असेल तर ते फिटल्याचा कागद मागावा. चेसिसवर कोरलेला सतरा अक्षरी क्रमांक टायटलवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. २०१२ साठी ते 'सी' असते. क्रमांकाभोवती खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर पुढे बोलूच नये.

नवी उमेद | ७ ऑक्टोबर

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्याकडे एका शेतावर तीन चाकांची जुनी होंडा अगदी कवडीमोलाने मिळते आहे. हलक्या कामाला चालेल का?

सरळ हिशेब | ७ ऑक्टोबर

नको. तीन चाकांच्या गाड्यांमुळे इतके अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर उत्पादकांनी त्यांची विक्री थांबवली. संग्रहात ठेवायला ठीक आहे, सरपण ओढायला नव्हे.

डोंगरउतार | ११ ऑक्टोबर

सर्वांचे आभार. काल पांढरे कापड, मल्टिमीटर, टॉर्च आणि जॅक घेऊन दुसऱ्या गाडीकडे गेलो. इंजिन थंडगार होते. सुरू करण्याआधी किल्ली फिरवली तेव्हा टाकीतल्या पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली, आणि पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू झाली. धूर नाही.

सीट काढली तर एअरबॉक्सच्या झाकणावर उंदराचे घरटे. सीटचाच स्पंज, वाळलेले गवत आणि ओकच्या फळांची टरफले. माझे काळीज गप्पकन बसले. मालक मात्र शांतपणे म्हणाले, 'आत बघ.' झाकणाचे चिमटे काढले. फिल्टर तेलकट, निळसर, नीट बसलेला. रबरी नळीतून कापड फिरवले तर कापडावर फिल्टरच्या तेलाचा पुसटसा डाग आला, रेतीचा एक कणही नाही. घरटे सगळे बाहेरच्या बाजूला होते. एअरबॉक्सच्या तळाशी पाणी साठण्यासाठी लहानशी नळी असते, तीही रिकामी होती.

पण सगळेच चांगले नव्हते. पुढच्या डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट उघडून आत काडी बुडवली तर ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसले. डाव्या बाजूच्या पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटलेले होते आणि आतले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडाले होते. मागचे चाक उचलून हाताने फिरवले तर ब्रेक न दाबताही घासत होते. नांगराच्या जागी चेसिस मात्र सरळ आहे, रेघ कुठेही दिसली नाही. मालकांनी सांगितले की बारा हिवाळे तिने शेजारच्या चर्चचा वाहनतळ साफ केला. तुमचा हिशेब खरा ठरला.

दुधाळ ऑइल पाहून थांबावे की किंमत कमी करून घ्यावी?

बारा नंबरचा पाना | ११ ऑक्टोबर

इंजिनाचे ऑइल दुधाळ असते तर नको म्हटले असते. डिफरन्शियलमध्ये पाणी गेले म्हणजे बहुधा श्वास घेणारी नळी निघालेली आहे किंवा सील गेले आहे. तिथे ऑइल जेमतेम पाव लिटर लागते. बाहेर आलेल्या ऑइलातून चुंबक फिरवा: केसासारखी बारीक लव आली तर ती नेहमीची झीज, टोचणारे तुकडे आले तर दात तुटले. तुकडे नसतील तर घ्या. मागच्या ब्रेकचा ड्रम बंद असतो, पण सील झिजले की त्यात पाणी शिरून गंज चढतो आणि शू अडकतात. काम अवघड नाही, मात्र एक्सलवरचे नट सुटताना घाम फोडतात.

इंजिनाची एक चाचणी राहिली. कंप्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेजने मोजू नका; या इंजिनांत स्टार्टर सोपा जावा म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा धरणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते पाहायचे, ही पद्धत खरी. शिवाय हवा कुठून गळते ते कानाने कळते. ऑइल भरण्याच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्सकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

डोंगरउतार | १३ ऑक्टोबर

चुंबकावर फक्त बारीक लव आली. गळती जवळच्या एका मेकॅनिककडून मोजून घेतली, १२ टक्के निघाली. त्याच्या मते या वयाला उत्तम. २,९०० डॉलरला सौदा झाला, टायटल हातात आहे आणि क्रमांक जुळतो.

दक्षिण बेट | १४ ऑक्टोबर

अभिनंदन. मी न्यूझीलंडमध्ये साउथलंडच्या एका डेअरी फार्मवर काम करतो. इथे क्वाड बाइक, म्हणजे तुमची एटीव्ही, ही बुटांसारखी रोजची वस्तू आहे आणि शेतीतल्या मृत्यूंमध्येही तिचा मोठा वाटा आहे. तुमची जमीन उताराची आहे म्हणून लिहितो.

एटीव्हीचे लांब सीट दोन माणसांसाठी नसते. चढावर पुढे, उतारावर मागे आणि आडव्या उतारावर वरच्या बाजूला सरकून चालवणाऱ्याला आपले वजन हलवता यावे म्हणून ते लांब असते. मागे मुलाला बसवले की ती जागा संपते. दुसरे, फवारणीची अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण वळताना आतले पाणी खालच्या बाजूला धावते. तिसरे, गाडी उलटली तर चालकाला चिरडू नये म्हणून मागच्या बाजूला बसवायची कमान मिळते. आमच्याकडे वर्कसेफ ही कामाच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था तिची जोरदार शिफारस करते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या युटिलिटी क्वाडवर ती सक्तीची आहे. जुन्या गाडीवर नंतरही बसवता येते. माझ्या मालकाने बसवली त्या वर्षी मी हसलो होतो. पुढच्या पावसाळी वसंतात एका ओल्या बांधावर गाडी माझ्यावर आली आणि त्या कमानीवर टेकून थांबली. पायाचे हाड मोडले, बाकी मी आहे.

द्राक्षबाग | १४ ऑक्टोबर

नाशिकहून वाचतो आहे. बागेतल्या दोन ओळींमधून अशी गाडी सहज जाईल असे वाटते. फवारणीला उपयोगी पडेल का?

बारा नंबरचा पाना | १४ ऑक्टोबर

जाईल, पण हिला पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेरच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) नसतो, त्यामुळे तुमचा ब्लोअर हिच्यावर चालणार नाही. त्या कामाला अरुंद बागायती ट्रॅक्टरच योग्य.

डोंगरउतार | २ डिसेंबर

दीड महिन्यानंतरचा वृत्तान्त देतो, कारण असे धागे खरेदीपाशी थांबतात आणि पुढचे कळतच नाही.

पुढच्या डिफरन्शियलची श्वासनळी खरोखरच निघालेली होती. ती बसवली, ऑइल काढले, नवे भरले, मैलभर चालवून पुन्हा काढले. दुसऱ्या वेळीही किंचित धुरकट निघाले म्हणून तिसऱ्यांदा बदलले. या कामात एक शहाणपण मेकॅनिकने फुकट दिले: खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, नाहीतर ऑइल बाहेर आणि भरायची वाट बंद. एक्सलचे बूट बदलले. मागच्या ड्रममधून तांबूस चिखल निघाला. शू आणि सील नवे घातले. ते नट सोडताना दोन मीटरचा पाइप पान्याला लावावा लागला आणि तरीही शेजाऱ्याला हाक मारली.

इंजिनात मोटारीचे उरलेले ऑइल घालणार होतो, ते वेळीच टळले. या गाडीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो आणि इंधन वाचवणाऱ्या मोटारीच्या ऑइलातील निसरडी द्रव्ये त्याला घसरवतात, म्हणून डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचसाठीचे जपानी मानक) असा शिक्का असलेले ऑइल लागते. फिल्टरचा फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुतला. तो कपड्यासारखा पिळायचा नसतो, नुसता तळव्यांत दाबायचा असतो, नाहीतर चिकटवलेले सांधे उसवतात. पूर्ण वाळल्यावर फोमचे तेल लावून परत बसवला. सगळा मिळून ३१० डॉलर खर्च आला, माझी मजुरी सोडून.

टायरच्या हवेने मला सर्वांत जास्त चकवले. मोटारीच्या सवयीने मी वीस पीएसआयपर्यंत भरली होती आणि गाडी बेडकासारखी उडत होती. या टायरांना चार पीएसआयच्या आसपास हवा लागते, आणि तिथे एका पीएसआयचा फरकही जाणवतो, म्हणून कमी दाब दाखवणारे वेगळे गेज घ्यावे लागले. रॅकवरची मर्यादाही वाटते त्यापेक्षा कमी आहे: पुढे ३० किलो आणि मागे ६० किलो. ओले ओक किती जड असते हे ज्याने उचलले आहे त्याला कळेल. आता सरपण रॅकवर न ठेवता लहान गाड्यात घालून ओढतो. ओढण्याची मर्यादा ३८५ किलो आहे, पण उतारावर मी त्याच्या निम्म्यावर थांबतो, कारण खाली येताना मागचे ओझे ढकलते. दक्षिण बेट यांचे वाचून कमान मागवली आहे. ती आल्यावर मगच मागच्या चढावर जाईन, तोवर लाकूड तिथेच पडू दे.

इकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून टाकी भरलेली ठेवतो आणि त्यात इंधन टिकवणारे द्रव्य घालतो. बॅटरीला संथ चार्जर लावून ठेवला आहे. उंदरांसाठी एअरबॉक्सजवळ जाळी बसवली, तरी काल सकाळी सीटखाली ओकचे एक ताजे फळ सापडले.

परवा पहिला बर्फ पडला, साधारण चार इंच. गाडी थंडीत पहिल्या दाबाला सुरू झाली, पण बटणाने दुसरा गेअर लागेना. आधी बॅटरी मोजली, तर १२.१ व्होल्ट. चार्जरची वायर सॉकेटातून निघालेली होती.